बंदुकांच्या देशात राहताना: अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी

अमेरिकेत कुठे मोठा गोळीबार झाला की पुढचे आठ दिवस तेच प्रश्न येत राहतात. "लेकीला टेक्सासच्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय, पाठवू की नको?" असं नाशिकहून कुणी विचारतं. न्यू जर्सीतली एखादी आई विचारते, "शाळेचा मेसेज आला, 'सिक्युअर' लावलंय म्हणे. गाडी काढून निघू का?" आणि सहा महिन्यांसाठी मुलीकडे आलेले बाबा विचारतात, "जावई नेमबाजीच्या रेंजवर नेतो म्हणतोय, जाऊ ना?"

या प्रश्नांना स्पष्ट उत्तरं आहेत. पण बहुतेक घरांत ती शोधली जातात गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी, आणि बातमी मागे पडली की शोधही थांबतो. म्हणून माझी विनंती आहे की हा लेख एखाद्या शांत रविवारी, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा. आजी-आजोबा आले असतील तर त्यांनाही बसवा.

आधी धोका नीट ओळखा

२०२३ साली अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने ४६,७२८ माणसं गेली. त्यात सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या आणि सुमारे १७,९०० खून. एकाच घटनेत चार किंवा अधिक जणांना गोळ्या लागतात अशा सामूहिक गोळीबारांतले मृत्यू या एकूण आकड्यात शंभरात एक-दोन इतकेच भरतात. मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूंत मात्र २०२० पासून बंदूक हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. रस्त्यावरचे अपघातही त्याखाली गेले.

भीती उगाच आहे, असं मी म्हणत नाही. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईहून शिकायला आलेली एक विद्यार्थिनी होती आणि भारतात जन्मलेले एक प्राध्यापकही. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकचा गुरुद्वारा, २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथचा बार, २०२१ मध्ये इंडियानापोलिसचं फेडेक्स केंद्र, २०२३ मध्ये टेक्सासमधल्या ॲलनचा मॉल. या प्रत्येक ठिकाणी आपली माणसं होती. पण तयारी कुठे करायची ते आकड्यांवरून ठरवा. मॉलमध्ये अनोळखी माणसाने गोळीबार केला तर काय करायचं, हे तासाभरात शिकून होतं. मैत्रिणीच्या घरातलं कुलूप नसलेलं कपाट आणि आपल्याच घरात गप्प गप्प झालेलं माणूस, हा त्याहून मोठा धोका आहे. तिकडे आपलं लक्ष जात नाही.

गोळीबार सुरू झालाच तर

अमेरिकेतल्या कचेऱ्या, कॉलेजं आणि रुग्णालयं तीन शब्द शिकवतात: पळा, लपा, लढा. ह्यूस्टन शहराने २०१२ मध्ये काढलेल्या एका चित्रफितीमुळे ते देशभर पोचले. क्रम तोच ठेवायचा. पळता येत असेल तर लपायचं नाही, आणि लपता येत असेल तर लढायचं नाही.

- पळा. आपल्या कानांना फटाक्यांची सवय असते, त्यामुळे मन पहिल्यांदा म्हणतं की फटाके असतील. खात्री करून घ्यायला थांबू नका. पर्स, लॅपटॉप, बाबागाडी तिथेच टाका, मूल कडेवर घ्या. गर्दी नेहमी ज्या दाराने आत आली त्याच दाराकडे धावते. दुकानांना मागे माल उतरवायचं दार असतं, हॉटेलांना स्वयंपाकघरातून वाट असते. एखादा सोबती हलायलाच तयार नसेल तर त्याची समजूत घालण्यात वेळ घालवू नका. लिफ्ट टाळा.
- लपा. दाराला आतून कुलूप लावा आणि टेबल-कपाट सरकवा. दिवे बंद करा. फोन पूर्ण मुका करा, त्याची थरथरही बंद करा. अमेरिकन इमारतींतल्या आतल्या भिंती बऱ्याचदा जिप्समच्या पातळ तक्त्यांच्या असतात. त्या तुम्हाला दिसू देत नाहीत, पण गोळी अडवत नाहीत. काँक्रीटचा खांब किंवा गाडीची इंजिनाकडची बाजू गोळी अडवू शकते. दारासमोरच्या रेषेत बसू नका आणि सगळे एकाच कोपऱ्यात दाटू नका.
- लढा. दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हाच. मग हाताला लागेल ते वापरा, अग्निशामक नळकांडं किंवा खुर्ची, आणि सगळ्यांनी एकदम.

या सूचना परक्या वाटत असतील तर २६ नोव्हेंबर २००८ ची, मुंबईवरच्या हल्ल्याची रात्र आठवा. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर निवेदक विष्णू झेंडे यांनी गोळ्या सुटत असताना ध्वनिक्षेपक सोडला नाही आणि प्रवाशांना कुठून बाहेर पडायचं ते सांगत राहिले. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी प्रसूती कक्षातल्या वीस गर्भवतींना कक्षाच्या टोकाच्या छोट्या पँट्रीत नेलं, दारं लावली, दिवे मालवले. एकाच रात्री, एकाच शहरात, 'पळा' आणि 'लपा' हे दोन्ही धडे आपल्याच माणसांनी गिरवून दाखवले आहेत. दोघांच्याही कामात एक गोष्ट सारखी होती: आपली इमारत त्यांना आतून-बाहेरून माहीत होती. सिनेमागृहात, देवळात, मंडळाच्या गणपतीला जाल तेव्हा बसण्याआधी दोन दारं डोळ्यांखालून घाला. मुलांनाही हे खेळासारखं शिकवता येतं: "इथून बाहेर जायच्या वाटा किती, शोध बरं!"

आगीची घंटा वाजली तर? २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार चालू असतानाच आगीची घंटा वाजली आणि मुलं वर्गाबाहेर आली. त्यामुळे गोळ्यांचे आवाज येत असताना नुसत्या घंटेवरून बाहेर पडू नका. धूर किंवा आग दिसली तर मात्र निघा.

रक्त थांबवायला शिका

माझ्या मते या सगळ्या तयारीतला सर्वांत उपयोगी तास हाच. हाता-पायाची मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो, आणि आतला धोका टळल्याशिवाय रुग्णवाहिकेचे लोक जखमीपर्यंत पोचू शकत नाहीत. तोवर जवळ असता तुम्हीच. 'स्टॉप द ब्लीड' नावाचे वर्ग २०१५ पासून चालू आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स ते राबवतं. अनेक रुग्णालयांत, ग्रंथालयांत, अग्निशामक केंद्रांत ते फुकट किंवा नाममात्र पैशांत होतात.

- जखमेवर दोन्ही हातांनी, पूर्ण वजन टाकून दाबा. मध्ये उचलून पाहू नका.
- हात किंवा पाय असेल तर टूर्निकेट, म्हणजे आवळायचा पट्टा, जखमेच्या दोन-तीन इंच वर बांधा. कोपर-गुडघ्याच्या सांध्यावर नको. रक्त थांबेपर्यंत आवळा. दुखणारच, ओरडला तरी सैल करू नका. बांधल्याची वेळ लिहून ठेवा.
- मान, काख, जांघ इथे पट्टा बसत नाही. जखमेत स्वच्छ कापड ठासून भरा आणि दाबून धरा. ओढणी चालेल, उपरणं चालेल.
- छातीत किंवा पोटात कापड ठासू नका. त्या जखमीला आधी बाहेर काढायला हवं.

मंडळांना माझी सूचना: दिवाळीच्या कार्यक्रमाआधी कार्यकर्त्यांसाठी असा एक वर्ग ठेवा. हे शिक्षण गाडीच्या अपघातात आणि स्वयंपाकघरातही कामी येतं. मंदिरं आणि ना-नफा संस्थांना दरवाजे, कॅमेरे, कुंपण यांसाठी केंद्र सरकारचं सुरक्षा अनुदान मिळू शकतं. फेमा या संस्थेमार्फत, राज्याच्या कार्यालयाकडे अर्ज करायचा असतो. कागद बरेच लागतात, म्हणून मुदतीच्या चार महिने आधी लागा.

९११ वर काय सांगाल, पोलिसांसमोर कसे वागाल

पहिलं वाक्य ठिकाणाचं हवं: शहर, रस्ता, इमारत, मजला. फोन मध्येच तुटला तरी निदान मदत कुठे पाठवायची हे कळतं. मग गोळीबार करणारे किती, कुठे, कुठल्या कपड्यांत. बोलणं धोक्याचं असेल तर बऱ्याच भागांत ९११ ला लिखित संदेश जातो. जिथे ती सोय नाही तिथे तसं सांगणारं उत्तर लगेच येतं. आपल्या भागात सोय आहे का, हे आजच काउंटीच्या संकेतस्थळावर पाहून ठेवा. आजी-आजोबांना इंग्रजी जमत नसेल तर "हिंदी" किंवा "मराठी" एवढा एक शब्द म्हणायला शिकवा. दुभाषाला फोनवर जोडून घेतात.

पोलीस आत येतात तेव्हा कोण निरपराध हे त्यांना माहीत नसतं. हात रिकामे, बोटं पसरलेली, डोक्याच्या वर. फोनही हातात नको. त्यांच्याकडे धावू नका, त्यांचा हात धरू नका. ते जखमींना ओलांडून पुढे जातील, तेव्हा रागावू नका. आधी गोळीबार थांबवणं हे त्यांचं काम असतं. याउलट २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत पोलीस ७७ मिनिटं वर्गाबाहेर थांबले, १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, आणि त्या थांबण्याबद्दल आजही त्या गावाला उत्तरं हवी आहेत.

शाळेचा मेसेज आला तर

इथे सर्वाधिक गोंधळ होतो. देशातल्या हजारो शाळा एकच शब्दसंच वापरतात. तो फ्रिजवर लिहून लावा.

- होल्ड: मुलांनी वर्गातच थांबायचं. बहुधा कुणी आजारी पडलेलं असतं किंवा जिन्यात काही सांडलेलं असतं.
- सिक्युअर: धोका शाळेबाहेर आहे. बाहेरची दारं बंद, आत शिकवणं चालू. जवळच्या बँकेत चोरी झाली तरी हे लावतात.
- लॉकडाऊन: धोका आत आहे. कुलूप, दिवे बंद, नजरेआड.
- इव्हॅक्युएट: इमारत सोडून दुसरीकडे.
- शेल्टर: वादळ, वायुगळती वगैरे.

'सिक्युअर' वाचून गाडी काढायची नाही. 'लॉकडाऊन' असला तरी शाळेकडे धाव घेऊ नका, हे सांगताना आईबापाचं काळीज मला कळतं. पण शंभर गाड्यांनी रस्ता अडला तर रुग्णवाहिका अडते. मुलांना परत देण्याची जागा शाळा स्वतंत्रपणे कळवते. तिथे जायचं, आणि तिथे एक अडचण आपल्याच घरांना येते: मूल त्याच माणसाच्या ताब्यात देतात ज्याचं नाव शाळेच्या आपत्कालीन यादीत आहे आणि ज्याच्याकडे फोटोचं ओळखपत्र आहे. आई-बाबा दोघंही दूर कामाला, घरी फक्त आजी, आणि आजीचं नाव यादीत नाही, पासपोर्ट लॉकरमध्ये. आजोबा-आजी आले की पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव यादीत घाला. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर जुळेल असं.

कवायतींबद्दल तुम्हाला विचारायचा हक्क आहे. कुलूप लावून शांत बसण्याचा सराव वेगळा, आणि खोट्या गोळ्यांचे आवाज, खोटे जखमी आणून केलेला सराव वेगळा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये दुसऱ्या प्रकाराला विरोध केला आहे, कारण मुलं त्याने घाबरून जातात. मुख्याध्यापकांना ईमेलने विचारा: कवायत कधी आहे, त्यात नाट्य असतं का, मुलांना आधी सांगता का, आणि माझ्या मुलाला त्रास होत असेल तर काय पर्याय आहे? घरी आल्यावर मुलाला "घाबरलास का?" असं विचारण्यापेक्षा "आज काय काय केलंत?" असं विचारा, ते जास्त बोलतं.

कॉलेज निवडताना

नाशिकच्या प्रश्नाकडे येऊ. मी "पाठवू नका" म्हणणार नाही. पण निवड करताना हे पाहा:

- क्लेरी कायद्यानुसार प्रत्येक विद्यापीठाला दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत गुन्ह्यांचा अहवाल जाहीर करावा लागतो. तो फुकट वाचायला मिळतो. विद्यापीठाचं नाव आणि 'वार्षिक सुरक्षा अहवाल' असं इंग्रजीत शोधा.
- धोक्याचे इशारे मोबाइलवर येतात, पण काही ठिकाणी नंबर आपण नोंदवावा लागतो. पहिल्या दिवशीच अमेरिकन नंबर नोंदवा. भारतातला नंबर तिथे तसाच राहिल्याने इशारा न मिळालेली मुलं असतात.
- टेक्सासमध्ये २०१६ पासून सरकारी विद्यापीठांच्या आवारात परवानाधारक लपवून पिस्तूल बाळगू शकतात. इतर काही राज्यांतही तसं आहे.
- बाहेर घर घेऊन राहाल तर रूममेटकडे बंदूक आहे का, हे भाडेकरार करण्याआधी विचारा.

"तुमच्या घरी बंदूक आहे का?"

हा प्रश्न आपल्या जिभेवर येत नाही. पाहुणचाराला बोलावलेल्या घरी असं विचारणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. पण ज्या घरात तुमचं मूल रात्री झोपायला जाणार आहे तिथे कुत्रा आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी सांभाळाल का, हे तुम्ही विचारताच. त्याच दमात हेही विचारा. फोनवर नको वाटलं तर मेसेजमध्ये: "आमची मुलगी फार चौकस आहे. घरात बंदूक असेल तर ती कुलपात, रिकामी असते ना?" बंदूक असणाऱ्या बहुतेक घरांना हा प्रश्न नवा नसतो, त्यांतले जबाबदार लोक लगेच नीट उत्तर देतात. समोरचा चिडला किंवा उडवाउडवी करू लागला तर मुलांना आपल्या घरी बोलवा. कारण सांगायची गरज नाही.

मुलाला तीन गोष्टी सांगा: बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्यांना सांगायचं. पण सांगितलं म्हणजे झालं, असं समजू नका. कुतूहल सूचनेपेक्षा मोठं असतं, कुलूप लागतंच.

तुमच्याच घरात बंदूक असेल, म्हणजे तुम्ही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहात आणि रीतसर घेतली आहे, तर ती रिकामी, कुलपात, आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. किल्ली टेबलाच्या खणात नको. २०२१ मध्ये मिशिगनच्या ऑक्सफर्ड शाळेत पंधरा वर्षांच्या मुलाने चौघांना मारलं. २०२४ मध्ये त्याच्या आई-वडिलांना, दोघांनाही, सदोष मनुष्यवधासाठी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. अनेक राज्यांत बंदूक मुलांच्या हाती लागू देणं हाच गुन्हा आहे.

तुमचा व्हिसा आणि बंदूक

आता रेंजवर निघालेल्या बाबांसाठी: जाऊ नका. निदान बंदूक हातात घेऊ नका.

केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. त्यात पर्यटक व्हिसा आला, एफ-१ विद्यार्थी आला, एच-१बी, एच-४ आणि एल-१ सुद्धा. अपवाद थोडे आहेत. त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. 'बाळगणं' म्हणजे विकत घेणंच नव्हे. मित्राची बंदूक रेंजवर दहा मिनिटं हातात धरणंही त्यात येऊ शकतं, आणि मग समाजमाध्यमांवरचा फोटो हाच पुरावा ठरतो. २०२२ पासून या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय शस्त्रविषयक गुन्हा हा हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहे. आनंदाच्या एका दुपारसाठी मुलाची वीस वर्षांची मेहनत पणाला लावू नका. अपवादात बसतो असं वाटत असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, रेंजच्या काउंटरवरच्या माणसाला नव्हे.

आणखी दोन खाचखळगे:

- घरात एकाकडे नागरिकत्व आणि दुसऱ्याकडे एच-४ असेल, तर बंदुकीच्या तिजोरीचा आकडा दुसऱ्याला माहीत नसावा. बंदूक हवी तेव्हा हाती येऊ शकते, यालाही कायदा ताबा म्हणू शकतो.
- रेंजवर नेलेली पाठपिशवी प्रवासाला वापरू नका. तळाच्या कप्प्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबई किंवा दिल्ली विमानतळावर क्ष-किरणात दिसलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात. जाणीवपूर्वक ताबा नव्हता असं दाखवता आलं तर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केले आहेत. पण तोवर विमान गेलेलं असतं, रात्र कोठडीत गेलेली असते आणि खटल्याचे महिने वेगळे.

कुणी धोक्याकडे चाललंय असं वाटलं तर

गोळीबार करणारे बऱ्याचदा आधी कुणाला तरी बोललेले असतात, काही लिहिलेलं असतं. मुलाने शाळेत ऐकलेली धमकी "गंमत असेल" म्हणून सोडू नका. शाळेला कळवा, निनावी कळवायची सोय बहुतेक ठिकाणी असते.

वीसहून अधिक राज्यांत न्यायालय धोकादायक माणसाकडची बंदूक काही काळापुरती काढून घेऊ शकतं. याला 'रेड फ्लॅग' कायदा म्हणतात. न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात घरचे लोकही अर्ज करू शकतात, फ्लोरिडात फक्त पोलीस. टेक्सास, जॉर्जिया, पेनसिल्व्हेनियात असा कायदा नाही. एवढ्यावर निश्चिंतही होऊ नका. इंडियानापोलिसच्या फेडेक्स केंद्रात गोळीबार करणाऱ्या तरुणाची बंदूक त्याच्या आईच्या तक्रारीवरून २०२० मध्ये पोलिसांनी जप्त केली होती. पुढे प्रकरण न्यायालयात नेलंच गेलं नाही, आणि त्याने दोन रायफली कायदेशीरपणे विकत घेतल्या. अर्ज केलात तर सुनावणीची तारीख विचारत राहा.

आणि वर दिलेला २७,३०० चा आकडा पुन्हा वाचा. नोकरी गेलेला, घटस्फोटात सापडलेला, परीक्षेत नापास झालेला आपला माणूस अचानक बंदूक घ्यायचं म्हणत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. त्याला थेट विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने ते विचार डोक्यात येत नाहीत. ९८८ हा नंबर दिवसरात्र चालतो, तिथे फोन किंवा संदेश दोन्ही चालतात. घरात बंदूक असेल तर काही आठवडे ती घराबाहेर ठेवा. ओळखीच्या बंदूक-दुकानाला किंवा पोलिसांना विचारा, राज्याप्रमाणे नियम बदलतात. "लोक काय म्हणतील" या भीतीने आपल्या समाजात हे झाकलं जातं. त्याची किंमत घरंच्या घरं मोजतात.

कायद्याचा वाद आणि त्यात तुमची जागा

निर्णयापुरतं एवढं पुरे. शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत आहे. तो व्यक्तीचा हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं. २०२२ च्या निकालाने राज्यांचे बरेच निर्बंध अडचणीत आले. त्याच वर्षी संसदेने २१ वर्षांखालच्या खरेदीदारांची जास्त कसून तपासणी करणारा कायदा केला. परवानाधारक दुकानदाराला खरेदीदाराची चौकशी करावी लागते, खासगी विक्रेत्याला केंद्रीय कायदा तसं बंधन घालत नाही. एक बाजू म्हणते, बंदुका कमी आणि चौकशी जास्त हवी. दुसरी म्हणते, स्वसंरक्षण हा हक्क आहे आणि कायदे फक्त कायदा पाळणाऱ्यांनाच बांधतात. माझं मत लपवत नाही: बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती आणि प्रत्येक विक्रीला चौकशी, एवढं तरी प्रत्येक राज्यात असायला हवं. तुमचं मत वेगळं असू शकतं, ते मांडा.

मांडण्याच्या जागा मात्र नीट ओळखा. नागरिक नसाल तर केंद्रीय निवडणुकीत मतदान करू नका. वाहन परवाना काढताना समोर आलेल्या मतदार नोंदणीच्या फॉर्मवर चुकूनही सही करू नका. व्हिसावर असाल तर निवडणुकीसाठी उमेदवाराला किंवा पक्षाला देणगीही देता येत नाही. पण शाळा मंडळाच्या बैठकीत बोलणं, लोकप्रतिनिधीला पत्र लिहिणं, निवेदनावर सही करणं हे तुम्हाला मोकळं आहे. शाळेतली कुलपं, कवायती, पालकांना बंदूक कुलपात ठेवण्याची पत्रकं हे सगळं शाळा मंडळाच्या पातळीवरच ठरतं, आणि तिथे खुर्च्या बहुधा रिकाम्या असतात.

घडून गेल्यावर

- प्रत्येक राज्यात गुन्ह्याच्या बळींसाठी भरपाई निधी असतो. उपचार, अंत्यविधी, बुडालेला पगार यांसाठी तो मदत करतो. पोलिसांत नोंद आणि मुदतीत अर्ज, हे दोन्ही हवं. बहुतेक राज्यांत तुमचा व्हिसा कुठला, याच्याशी त्याचा संबंध नसतो.
- गंभीर हल्ल्याचे बळी, आणि खून झाल्यास जवळचे कुटुंबीय, यू व्हिसासाठी अर्ज करू शकतात. पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं. वर्षाला १०,००० ची मर्यादा असल्याने वाट लांबलचक आहे.
- एच-१बी वरच्या माणसाचा मृत्यू झाला तर जोडीदाराचा एच-४ दर्जाही उरत नाही. ओलेथच्या घटनेनंतर एका तरुण पत्नीवर दुःखात असतानाच ही वेळ आली होती. ग्रीन कार्डची याचिका दाखल असेल तर कायद्यात सवलतीला जागा आहे. पहिल्या आठवड्यातच वकील गाठा आणि देश सोडण्याआधी त्याला विचारा.
- पार्थिव भारतात न्यायचं असेल तर मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट आणि वकिलातीचं ना-हरकत पत्र लागतं. अडचणीत असलेल्या कुटुंबाला वकिलात भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत करू शकते, ती मागावी लागते.

भारतातल्या आईबाबांसाठी

अमेरिकेत दुपार असते तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र. टीव्हीवर लाल पट्टी दिसते, तुम्ही फोन लावता. उचलला नाही की पुन्हा लावता, मग मावशी लावते, काका लावतात. त्या वेळी तुमचं मूल अंधाऱ्या खोलीत टेबलाखाली श्वास रोखून बसलेलं असू शकतं, आणि हातातला फोन दर दहा सेकंदांनी उजळत असतो.

म्हणून आजच एक करार करा. असं काही कळलं तर फोन करायचा नाही. एकच लिखित संदेश पाठवायचा, तोही घरातल्या एकाच माणसाने, बाकीच्यांनी त्याला विचारायचं. मुलाने सुटल्यावर लांबलचक काही लिहायचं नाही. "मी ठीक" एवढं पुरे. मुलाच्या रूममेटचा आणि एका स्थानिक मराठी कुटुंबाचा नंबर तुमच्याकडे असू द्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर विद्यार्थ्याची नोंद करून ठेवा. जवळची वकिलात कुठली, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को, सिएटल की आणखी कुठली, ते आणि तिचा आपत्कालीन नंबर कागदावर लिहून देवघराशेजारी किंवा फोनशेजारी लावा. मोबाइलमध्ये साठवलेला नंबर घाबरलेल्या माणसाला सापडत नाही.